हौशी लोहारकाम: भट्टीपाशी उभं राहणारं कुणी आहे का इथे?

आगटी — शनिवार, रात्री ९.१०

बागकाम, सुतारकाम, भरतकाम, जुनी घड्याळं, सगळ्यांचे धागे इथे आहेत. लोहारकामाचा एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

नोकरीने मी संगणकवाला. सुट्टीच्या दिवशी शिरवळच्या पुढे मामाच्या शेतात पत्र्याच्या शेडखाली भट्टी पेटवतो. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची आगटी, तिला खालून लोखंडी पाइप, पाइपला हाताने फिरवायचा पंखा. ऐरण म्हणजे भंगारातून आणलेला जाड पोलादी ठोकळा, बाभळीच्या ओंडक्यात बसवलेला. त्यावर आकडे, खुंट्या, खुरपी, उलथनी, चुलीचे चिमटे करतो.

सुरुवात गावातल्या लोहारकाकांमुळे झाली. सळईला टोक काढायला घेतलं आणि मी ती गोल फिरवत ठोकत बसलो, तर टोकाला मधोमध चीर पडली. काकांनी सळई हातातून घेतली, पुन्हा तापवली आणि आधी चौकोनी टोक काढलं. मग चारही कोपरे मारून आठ बाजू केल्या, आणि अगदी शेवटी हलक्या हाताने गोल. "गोल शेवटी. आधी चौकट," एवढंच म्हणाले. व्हिडिओत हे शंभर वेळा पाहिलं असेल, पण हातात उतरलं ते त्या दिवशी.

माझं ठाम मत आहे की हे काम एकट्याने शिकता येत नाही. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा. मग छिन्नी कोण धरणार? घण कोण मारणार? आणि लोखंडाचा रंग बघून "आता काढ" असं सांगणारा कुणीतरी सुरुवातीला शेजारी लागतोच. म्हणूनच असेल, या छंदातली माणसं हात राखून काही सांगत नाहीत. आमच्या शेडवर आता एक दंतवैद्य येतात, एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक येतात, बारावीतली एक मुलगी तिच्या बाबांना घेऊन येते. एरवी आम्ही एकमेकांना ओळखलंही नसतं.

तर इथे आणखी कोण आहे? कुठे करता, कुणाकडून शिकलात? आणि एकदा सगळ्यांनी भेटायचं का?

---

पाणिनी_नव्हे — शनिवार, रात्री ९.३४

धागा भारी. लोखंडातलं काही कळत नाही, पण वाचायला बसलोय. फोटो टाका राव.

---

कोळशेकर — शनिवार, रात्री ९.५०

भावा, लई दिवसांनी कामाचा धागा आला! मी कोल्हापूर. आमच्याकडं फाउंड्र्यांचं गाव, त्यामुळं हार्ड कोकची (दगडी कोळसा भाजून केलेलं कडक जळण) ददात नाही. ओळखीतून पोतं-दोन पोती मिळून जातात. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, भेटायच्या वेळी घेऊन येतो, पैशाचं नंतर बघू.

फक्त एक ध्यानात ठेवा. कोकला वारा सतत लागतो. पंखा थांबवून च्या प्यायला गेलात की परत येईस्तोवर भट्टी थंड. लोणारी कोळसा तसा नाही, तो धुमसत राहतो, पण ठिणग्या लई उडवतो. शिकणाऱ्यानं लोणारीवर सुरुवात करावी असं माझं मत.

---

अनुराधा_धातू — शनिवार, रात्री १०.२२

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवते. इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढल्यानंतर स्वतः हातोडा धरला तेव्हा विषय नव्याने आवडला.

नवीन लोकांसाठी थोडं. बांधकामाच्या दुकानात मिळणारा एमएस बार (माइल्ड स्टीलची सळई) आकडे, खुंट्या, जाळ्या यांसाठी उत्तम. त्यात कार्बन फार कमी असतो, त्यामुळे कितीही पाणी पाजलं, म्हणजे तापवून बुडवलं, तरी त्याला धार टिकत नाही. धारेच्या वस्तूंसाठी गाडीचे कमानपाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) घ्या. आपल्याकडे ते बऱ्याचदा ईएन ४५ जातीचे असतात, कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्क्याच्या मध्ये आणि सिलिकॉन भरपूर.

तापमान ओळखायला लोहचुंबक ठेवा. साधारण ७७० अंशाला लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून रंग आणखी थोडा उजळू द्या आणि मग तेलात. कोमट गोडंतेल चालतं. गाडीचं जळकं ऑइल कृपा करून वापरू नका, त्याचा धूर छातीत जातो. पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते, म्हणून तेलच.

---

लोहगडी — शनिवार, रात्री १०.४१

अनुराधाताई, एक शंका. आमच्या गावचे लोहार तेल कधीच वापरत नाहीत. कमानपाट्याचे कोयते पाण्यातच बुडवतात, आणि ते कोयते वर्षानुवर्षं चालतात. मग ते तडकत का नाहीत?

---

अनुराधा_धातू — शनिवार, रात्री ११.०५

@लोहगडी, फार छान विचारलंत. कारण ते पूर्ण पातं बुडवत नाहीत. पुढच्या वेळी नीट बघा. फक्त धारेची कड पाण्यात क्षणभर टेकवतात आणि बाहेर काढतात. मग विटेच्या तुकड्यावर घासून कड चकचकीत करतात आणि थांबून बघत राहतात. पात्याच्या पाठीत उष्णता शिल्लक असते, ती हळूहळू धारेकडे सरकते आणि चकचकीत भागावर रंगांचे पट्टे येतात. आधी फिकट पिवळा, साधारण २२० अंशाला. मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. हवा तो रंग कडेशी पोहोचला की पुन्हा पाण्यात.

म्हणजे कडक करणं आणि कडकपणा थोडा उतरवणं, दोन्ही एकाच तापात. आम्ही प्रयोगशाळेत यासाठी दोन भट्ट्या वापरतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे बघायला मुद्दाम लोहाराकडे नेते आणि त्यांना सांगते की इथे तापमापक डोळ्यांत आहे.

मात्र हे जमायला सराव लागतो, म्हणून नवख्यांना तेलच सुचवते. नंतर २०० अंशाला तासभर ओव्हनमध्ये ठेवायचं, दोनदा.

---

दंताळे — शनिवार, रात्री ११.१२

धाग्यात उल्लेखलेला दंतवैद्य मीच. आमच्याकडे ओव्हन एकच आहे. त्यात केक आहे की कोयता, हे बघूनच बटण दाबायचं असा घरात नियम झालाय.

---

न्यूजर्सीकर — रविवार, पहाटे ३.१८

इथे संध्याकाळ आहे, जेवण सोडून लिहितोय!

अमेरिकेत या हौशी लोकांचं जाळं किती घट्ट आहे ते सांगतो. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्यावर इकडेही गावोगावचे लोहार जवळपास संपले. मग १९७३ साली जॉर्जियातल्या लम्पकिन नावाच्या छोट्या गावात काही लोहार जमले आणि त्यांनी कलाकार-लोहारांची उत्तर अमेरिकी संघटना सुरू केली, तिला 'अबाना' म्हणतात. आज तिच्याशी जोडलेल्या स्थानिक मंडळ्या राज्याराज्यांत आहेत. मी राहतो त्या न्यूजर्सीत पीटर्स व्हॅली नावाची हस्तकलांची शाळा आहे, १९७० पासूनची. तिथे लोहारशाळा आहे. मी माझी पहिली सांडशी तिथे केली. बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात, कारण सांडशीच्या दोन बाजू सारख्या आल्या पाहिजेत, मधलं भोक जुळलं पाहिजे आणि रिव्हेट बसवून ती मोकळी फिरली पाहिजे. सगळं एका वस्तूत शिकून होतं.

इकडच्या मेळाव्यांत एक प्रथा आहे, ती मला फार आवडते. प्रत्येकजण घरून काहीतरी आणतो. स्वतः केलेला आकडा, जुना हातोडा, पोलादाचा तुकडा, कोळशाची पिशवीसुद्धा. सगळं एका टेबलावर ठेवतात, तिकिटं विकतात आणि टोपीतून चिठ्ठ्या काढतात. जमलेले पैसे नवीन मुलांच्या शिक्षणाला किंवा मंडळाच्या खर्चाला. पहिल्या मेळाव्यात मला काही लागलं नाही. शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांना घडीव पोगरांचा, म्हणजे भोकं पाडायच्या पंचांचा, संच लागला होता. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि "मला आता किती वापरायचेत," म्हणाले. मी त्यांचं नाव विचारेपर्यंत ते दुसऱ्याच्या भट्टीवर घण मारायला गेलेसुद्धा.

आपल्याकडे असं काही सुरू करा. मी डिसेंबरात येतोय, टोपी मी आणतो.

---

एकटा_जीव — रविवार, सकाळी ७.४०

सगळ्यांचं कौतुक आहे, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. मी रत्नागिरीपासून आत, डोंगरातल्या वाडीत राहतो. आजूबाजूला दुसरा हौशी लोहार नाही आणि पूर्वीचे लोहार मुंबईला गेले. मी संपूर्णपणे एकट्याने शिकलो. व्हिडिओ बघितले, केलं, बिघडलं, परत केलं. छिन्नी धरायला माणूस नाही म्हणून ऐरणीच्या भोकात बसणारी उभी छिन्नी केली. तिच्यावर लोखंड ठेवायचं आणि वरून हातोडा. घणासाठी माणूस नाही म्हणून पायाने दाबायचा हातोडा केला, जुन्या कमानपाट्याच्या स्प्रिंगवर. आज मी आंबे काढायच्या झेल्याची कडी, नारळ सोलायचा सुळा, कोयत्या असं सगळं करतो आणि वाडीत विकतोही.

"एकट्याने शिकता येत नाही" हे वाक्य वाचून खेड्यातला एखादा मुलगा हात आखडेल. म्हणून लिहिलं.

---

कोळशेकर — रविवार, सकाळी ८.०२

पायाचा हातोडा!! भावा, याचा फोटो नाही टाकलास तर कोल्हापुरातून निघतोय बघ.

---

आगटी — रविवार, सकाळी ८.३०

@एकटा_जीव, तुमचा मुद्दा मनापासून मान्य की कुणी हात आखडू नये. पण तुम्ही ज्यांचे व्हिडिओ बघितलेत, ती माणसं तुमच्या शेजारीच उभी होती असं मी म्हणेन. त्यांनी कुणाकडून काही न घेता दाखवलं, म्हणून तुम्हाला जमलं. त्यामुळे मी माझं मत सोडत नाही. :)

पायाच्या हातोड्याचा आराखडा मात्र हवाच.

---

मीनल_ठाणे — रविवार, सकाळी ९.१५

मी ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते. सोसायटीच्या गच्चीवर करता येईल का? आमचे खालचे काका मिक्सर लावला तरी वर येतात.

---

लोहगडी — रविवार, सकाळी ९.२८

ऐरणीच्या कमरेला जाड साखळी घट्ट गुंडाळा किंवा खाली मोठं चुंबक चिकटवा. ठणठण निम्म्याहून कमी होते. तरी गच्चीवर करू नका, ठिणग्या आणि गॅसची टाकी दोन्ही नकोत. काका तर नकोतच.

---

अनुराधा_धातू — रविवार, सकाळी ९.४४

मीनल, बंद खोलीत तर अजिबातच नको. कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. वारा खेळता हवा.

आलेच आहे तर सगळ्यांसाठी: जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका. पाण्याचा पाइप, पत्रा, खिळे, नट-बोल्ट. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि आपली भट्टी त्याच्या कितीतरी वर जाते. पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी तापाने फणफणून अंथरूण धरावं लागतं. दोन्ही टोकं बंद असलेली नळी किंवा शॉक ॲब्सॉर्बर तापवू नका, तो फुटतो. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा. नायलॉनची ओढणी किंवा ट्रॅकपँट घालून कुणी आलं तर मी स्वतः बाहेर उभं करते.

---

रुळावरचा — रविवार, सकाळी १०.१०

ऐरणीचं काय करावं हे कुणी लिहिलं नाही. परदेशी व्हिडिओत सगळे रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतात. आमच्याकडच्या भंगारवाल्याकडे आहे एक. घेऊ का?

---

दंताळे — रविवार, सकाळी १०.१९

थांबा! भंगारवाल्याकडून आणला तरी तो कुठून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर कब्जाविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) गांभीर्याने घेते. रेल्वेच्या लिलावाची पावती असेल तर गोष्ट वेगळी.

---

कोळशेकर — रविवार, सकाळी १०.३१

रूळ कशाला लागतोय? फोर्जिंगच्या कारखान्यातनं बाद झालेले डाय ब्लॉक, म्हणजे साच्याचे पोलादी ठोकळे, भंगारात येतात. चारी बाजू सपाट, वजन भरपूर, पोलाद एक नंबर. शिंग नसतं एवढंच. वाकवायला जाड पाइपचा तुकडा बाजूला ठोकायचा. पुण्यात जुन्या बाजारात हिंडलास तरी काहीतरी घावंल.

---

मावळा_९६ — रविवार, सकाळी ११.००

मला तलवार करायची आहे. दमास्कस पोलादाची. कुठून सुरू करू?

---

लोहगडी — रविवार, सकाळी ११.०४

आकड्यापासून.

---

अनुराधा_धातू — रविवार, सकाळी ११.३०

@लोहगडी यांचं उत्तर बरोबर आहे, पण @मावळा_९६ यांचा उत्साह मला आवडला म्हणून थोडं सविस्तर.

आज दमास्कस म्हणून जे दाखवतात ते दोन प्रकारची पोलादं थरावर थर ठेवून, टाकणखार टाकून, पिवळ्याजर्द तापावर ठोकून एकजीव केलेलं असतं. नंतर आम्लात बुडवलं की नक्षी उठते. शिकायला सुंदर आहे. पूर्वी ज्याची ख्याती होती ते वूट्झ वेगळं, मुशीत वितळवून केलेलं, आपल्या दक्षिणेकडचं. तेलंगणात निजामाबादकडे कोनासमुद्रम् हे त्याचं नावाजलेलं केंद्र होतं आणि तिथलं पोलाद इराणपर्यंत जायचं. गोळ्यातच नक्षी दडलेली असायची. फार तापवलं की ती जायची, म्हणून ते मंद लाल तापावर, अतिशय धीराने घडवावं लागे.

---

दंताळे — रविवार, सकाळी ११.४२

आणि तलवारीबद्दल: शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, तलवारीला नाही. शहरात सध्या कोयत्यांवरून जे चाललंय ते बघता भेटीला येताना कुणीही पाती पिशवीत घालून आणू नयेत अशी माझी विनंती. आकडे, पळ्या, चिमटे आणा. घडाईचा कस त्यातही लागतो.

---

मावळा_९६ — रविवार, दुपारी १२.१५

समजलं. आकडा करतो. पण अनुराधाताई, भेटीत ते थरांचं पोलाद करून दाखवाल ना?

---

अनुराधा_धातू — रविवार, दुपारी १२.२०

घण मारायला तू उभा राहणार असशील तर नक्की.

---

घणकरी — रविवार, संध्याकाळी ६.५०

सगळा धागा वाचला. लिहू की नको असं करत दुपारपासून दोनदा पुसलं.

मी घिसाडी समाजातला. आजोबांच्या वेळेपर्यंत आमचं बिऱ्हाड बैलगाडीवर होतं. गावाबाहेर पाल पडायचं, जमिनीत आगटीचा खड्डा, चामड्याचा भाता, आणि लाकडात रोवलेली छोटी ऐरण. आजोबा बसून काम करायचे, आजी उभी राहून घण मारायची. हो, आजी. आमच्यात घण बायकांच्याच हातात असायचा.

ते दोघं काम करताना बोलायचे नाहीत. आजोबांच्या डाव्या हातात सांडशी, उजव्यात छोटी हातोडी. हातोडीने जिथे टिचकी मारतील, नेमका तिथेच पुढचा घण. टिचकी जोरात तर घण जोरात, टिचकी हलकी तर घण हलका. हातोडी लोखंडावरून सरकून मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. मी भात्यावर असायचो. लोखंड काळं पडायच्या आत जेवढे घाव बसतील तेवढे बसवायचे, कारण कोळसा विकतचा होता. एक ताप वाया गेला तर आजी आजोबांकडे बघायची, आणि ते पुरेसं असायचं.

आम्ही हे शिकलो ते पोटासाठी. गावात फाळ, कुऱ्हाडी शेवटून (तापवून, ठोकून पुन्हा धार काढून) दिल्या की धान्य मिळायचं, नंतर रोख. मग कारखान्याची अवजारं आली आणि लोक भाव पाडून मागायला लागले. वडिलांनी मला शिकवलं आणि सांगितलं, हातोडा धरू नकोस. मी आज बँकेत आहे.

तुमचा छंद बघून मला वाईट वाटलं नाही, उलट आज आजी असती तर तिला हा धागा वाचून दाखवला असता. फक्त दोन गोष्टी मागतो. तुम्ही रस्त्याकडेच्या लोहाराकडे शिकायला बसता तेव्हा त्याची ती वेळ धंद्याची असते. वेळेचे पैसे विचारून द्या, आणि घासाघीस करू नका. आणि व्हिडिओ काढायच्या आधी घरातल्या बायकांना विचारा. घण मारतानाचे त्यांचे फोटो लोक गाडीतून काच खाली करून काढून जातात.

भेट ठरवलीत तर मी येईन. घरात आजोबांची ऐरण आहे.

---

न्यूजर्सीकर — रविवार, संध्याकाळी ७.२०

घणकरी, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. ती टिचकीची भाषा इकडेही हुबेहूब तशीच आहे. मोठा लोहार जागा दाखवतो, घणवाला मारतो, ऐरणीवर रिकामा ठोका पडला की थांबतो. मला वाटायचं ही इकडची पद्धत. आता कळलं की माझ्याच मुलखात, रस्त्याकडेला, हे चालू होतं आणि मी गाडीतून पुढे गेलो होतो.

---

आगटी — रविवार, संध्याकाळी ७.४५

घणकरीदादा, दोन्ही गोष्टी आजपासून आमच्या शेडचा नियम. आमच्या लोहारकाकांना आम्ही शिकवणीचे पैसे देतो, पण ते आम्ही ठरवलेले असतात. यापुढे त्यांना विचारून देऊ. भेटीलाही त्यांना पाहुणे म्हणून नव्हे, शिकवणारे म्हणून बोलावू, दिवसाच्या मजुरीसकट.

आणि एक विनंती. बारावीतली जी मुलगी येते, तिला "मुलींच्या हाताला घण पेलतो का" असं एकाने विचारलं होतं. तिला तुमच्या आजीबद्दल सांगाल का? समोर बसून?

---

घणकरी — रविवार, संध्याकाळी ८.०१

सांगतो. आणि घण कसा धरायचा तेही दाखवतो. जोर खांद्यातून लावायचा नसतो, घणाच्या वजनाला पडू द्यायचं असतं. मनगट दुखलं तर समजायचं धरणं चुकतंय.

---

मीनल_ठाणे — रविवार, संध्याकाळी ८.१०

भात्यावर मी बसले तर चालेल ना? यायचं नक्की.

---

पाणिनी_नव्हे — रविवार, संध्याकाळी ८.१४

काल नुसता वाचत होतो, आता सुती शर्ट शोधतोय. मलाही धरा.

---

कोळशेकर — रविवार, संध्याकाळी ८.३०

मग तारीख ठरवा की. खंडेनवमीला करूया! अवजारांचाच दिवस, त्या दिवशी सगळे मिळून भट्टी पेटवू.

---

घणकरी — रविवार, संध्याकाळी ८.३६

खंडेनवमीला नको. आमच्यात त्या दिवशी ऐरण, हातोडा, सांडशी धुऊन पूजेला मांडतात, आणि पूजेला बसलेल्या ऐरणीवर घाव घालत नाहीत. भाताही बंद.

---

कोळशेकर — रविवार, संध्याकाळी ८.४०

बरोबर हाय दादा. मग दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. पाऊसही ओसरलेला असतोय.

---

एकटा_जीव — रविवार, संध्याकाळी ९.०५

मी येतो. पायाचा हातोडा सुटा करून टेम्पोत घालतो. आराखडा कागदावर देण्यापेक्षा समोर जोडून दाखवतो, ज्याला मापं घ्यायची त्याने घ्यावीत.

मूळ मुद्द्यावर मी अजून माझ्याच जागी आहे, @आगटी. एकट्याने शिकता येतं. पण घणकरींनी लिहिलेलं टिचकीचं काम मी आजवर कुणाबरोबर केलेलं नाही, आणि ते मला करायचं आहे.

---

न्यूजर्सीकर — रविवार, संध्याकाळी ९.२२

दसऱ्याला मी नसेन!! डिसेंबरात दुसरी भेट ठेवा, हात जोडून सांगतो. तोवर टोपीच्या चिठ्ठ्यांसाठी एक सांडशी कुरियरने पाठवतो. आलेले पैसे लोहारकाकांच्या मजुरीत घाला.

---

आगटी — रविवार, रात्री १०.००

ठरलं. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, मामाचं शेत. नकाशा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, इथे टाकत नाही.

सकाळी साडेआठला भट्ट्या पेटतील. शेडच्या आतच काम करायचं आहे, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. उन्हात लाल वाटणारा तुकडा सावलीत पिवळा निघतो आणि जळून जातो. कोळशेकर कोक आणतायत, लोणारी कोळसा मी भरून ठेवतो. पाण्याचे दोन पिंप, वाळूच्या बादल्या आणि मलमपट्टीची पेटी दंताळे बघतील. धनुर्वाताचं इंजेक्शन किती जुनं आहे ते प्रत्येकाने घरी तपासून यावं. अनुराधाताई थरांचं पोलाद दुपारी जेवणानंतर घेतील, त्यासाठी टाकणखार लागेल, तो कुणी आणेल? चिठ्ठ्यांच्या टेबलासाठी प्रत्येकाने एक वस्तू, स्वतः केलेली असेल तर उत्तम, नसेल तर कोळशाची पिशवीही चालेल.

जेवण मामी करणार आहे, पिठलं-भाकरी आणि खर्डा. किती जण ते गुरुवारपर्यंत कळवा.

---

मावळा_९६ — रविवार, रात्री १०.०६

टाकणखार मी आणतो. किती लागेल, पाव किलो?

---

अनुराधा_धातू — रविवार, रात्री १०.११

अर्धा आण. आणि आकडा करून आण.